उजवा कौल

मी खोटं बोलतो, असं आमच्या पंचक्रोशीत शेंबडं पोरही सांगेल. त्यात काही तथ्य नाही. मी खरंच बोलतो, फक्त पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात तसं थोडं वाढवतो. आमटी ती आमटीच राहते.

उदाहरणार्थ माझा आवाज. ऐंशीच्या दशकात मी मालगुंडच्या अलीकडे, डोंगरातल्या एका शाळेत मास्तर होतो. मी सकाळी 'बे एके बे' म्हटलं की सड्यापलीकडच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळापलीकडच्या शाळेतली पोरं 'बे दुणे चार' म्हणायची आणि तिथला मास्तर तंबाखू मळत बसायचा. हा आवाज आमच्या घराण्याचाच. माझी चुलत बहीण, जिला सगळी वाडी 'बाय' म्हणायची, ती तर माझ्याही वरची. तिनं अंगणात कोंबड्यांना नुसतं 'हाड' केलं तरी शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या त्या दिवशीचं अंडं उद्यावर ढकलायच्या.

या बायची गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. तिच्यात पाणी घालायला जागाच सापडत नाही.

बायला दिली होती सड्यापलीकडच्या गावात. नवरा मुंबईला गिरणीत. मूलबाळ नव्हतं. गिरण्यांचा संप लांबत गेला, लांबतच गेला, तेव्हा भावोजी ट्रंक घेऊन गावी आले आणि पडवीत बसले ते बसलेच. आमच्याकडे पुरुषानं मुंबईला जायचं आणि बाईनं गावी भात लावायचं, ही रीत. बाय म्हणाली, "तुम्ही हितं भात लावा, मी जातंय." आणि गेली. एका मोठ्या घरी राहायचं काम मिळालं. पोरं सांभाळायची, स्वयंपाक, धुणं, सगळंच. झोपायचं स्वयंपाकघरात, ओट्याखाली डोकं करून.

मग त्या घरच्या साहेबाला आखातात नोकरी लागली. बाईसाहेब म्हणाल्या, "चल आमच्याबरोबर. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पोरांना तुझीच सवय आहे, आणि तुला तरी मागे कोण आहे?"

पासपोर्ट निघाला. बाय निरोप घ्यायला गावी आली आणि विमान म्हणजे काय ते आम्हाला समजावून गेली. ते तिनं अजून पाहिलं नव्हतं, पण आमच्या घराण्यात त्यानं काही अडत नाही. मी तर सगळ्या तालुक्यात सांगितलं की बायला तिकडच्या राजानं बोलावलंय, मुख्य आचारीण म्हणून, आणि तिच्या हाताखाली चाळीस हबशी कांदा चिरणार आहेत. लोकांनी विश्वास ठेवला. आमच्या हेडमास्तरांनी सुद्धा विचारलं, "चाळीस? कांदे तरी किती लागत असतील हो!"

दोन वर्षं झाली. बाय आली नाही. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून बाईसाहेबांच्या अक्षरात कधीमधी चार ओळी यायच्या, तुमची बाय मजेत आहे, सर्वांना नमस्कार. तिसरं वर्ष सरलं. त्या चार ओळीही थांबल्या.

मग एका दुपारी खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला एकजण शाळेत मला शोधत आला. तो त्याच शहरात एका शेठचा ड्रायव्हर होता, रजेवर आलेला. अंगात टेरिकॉटचा शर्ट आणि मनगटावर एवढं मोठं घड्याळ की वेळ त्याच्या आधी आम्हालाच दिसे. पोरांना मी पाढे लिहायला बसवलं आणि आम्ही व्हरांड्यात आलो.

"मास्तर, तुमची बहीण हाय ना तिकडं?"

"हाय. राजाकडं."

"कसला राजा! मी शेठची गाडी धुवत व्हतो इमारतीमागं. वरून आवाज आला, 'मेल्या, मुडदा बसवला तुझा, परत दुधात तोंड घालशील तर!' मी म्हटलं, या अल्ला, ही तर रत्नागिरी! वर बघतो तर तिसऱ्या मजल्यावर खिडकीत तुमची बाय, नि मांजर पळतंय."

मी हसलो. तो हसला नाही.

"मी हाक मारली, म्हटलं, खाली उतर गो, गाववाला हाय मी. तर म्हणते, उतरू कशी, बाहेरून कुलूप हाय. साहेब-मेमसाब भायेर गेले की कुलूप घालून जातात. आत असले की कामाला लावतात. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात. सुट्टी नाय. आजारी पडली तर गोळी देतात नि पुन्हा ओट्यापाशी उभी करतात. मुंबईत निदान भाजी आणायला तरी भायेर पडत व्हती, म्हणते. मी गाडी धुतो नि ती वरून बोलते, असं चाललंय आमचं. मला म्हटलं, घरी जाऊन सांग, मला न्या म्हणावं. ते दोनदा बोल्ली. मला न्या म्हणावं."

"पोलिसात नाही का जाता येत?"

"मास्तर, मला ड्रायव्हरला तिथं थोडा तरी कायदा हाय. घरातल्या बाईला नाय. घर साहेबाचं, बाई घरातली. उंबऱ्याच्या आत कोण पोलीस येतो?"

वर्गातून पोरांचा गलका ऐकू येत होता. मी एकदा ओरडून त्यांना गप्प केलं आणि मग इमारतीचा पत्ता पाटीवर लिहून घेतला, त्यानं सांगितला तसा, शब्दही न वाढवता. माझ्या बाबतीत ही बातमी होती.

भावोजींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठून डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, "देवाला विचारू या."

आमच्याकडं हे आश्चर्याचं नाही. म्हैस हरवली, बांधावरून भांडण झालं, पोरगी पाहायला जायचं असलं, तरी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या अंगावर ओलं फूल चिकटवतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. फूल पडायच्या आधी गुरवानं मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. बाय आता सासरच्या देवाची, म्हणून कौल भावोजींच्या गावात. माहेरचा माणूस म्हणून मला नुसतं 'व्हय महाराजा' म्हणायला बोलावलं. एवढा आवाज असून!

तिथला गुरव म्हातारा, वाळलेल्या आमसुलासारखा, पण बोलणं स्वच्छ. त्यानं हात जोडले.

"बा देवा महाराजा! तुझी सून समुद्रापलीकडं परक्याच्या घरात कोंडली हाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तिला सुखरूप तुझ्या शिवेत आण, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आम्ही तुझं दार धरलाय. आता दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज अर्थातच सगळ्यांच्या वर.

फूल उजवीकडे पडलं. तेही चटकन, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. बायका रडल्या. भावोजींनी लोटांगण घातलं. आलेल्या पाहुण्यांना पोहे झाले. मीही पोटभर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीची एसटी धरली. त्या 'दुसऱ्या दारात जाणार नाय'चा विचारही माझ्या मनात आला नाही. गाऱ्हाण्यात तसं म्हणायचं असतं. अर्जाच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितात, म्हणून काय तो माणूस नम्र असतो?

रत्नागिरीत मी एवढे जिने चढलो की एकावर एक रचले असते तर चंद्रावर पोचलो असतो. पोलीस ठाण्यात जमादारानं विचारलं, "गुन्हा कुठं घडला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग आमच्या हद्दीत नाही." मी म्हटलं, "बाई तर तुमच्या हद्दीतली आहे." तो म्हणाला, "होती." दुसऱ्या कचेरीत म्हणाले मुंबईला जा. मुंबईहून आलेला एकजण तिथंच बसला होता, तो म्हणाला मुंबईवाले दिल्लीला जा सांगतात. दिल्लीवाले कुठं जा म्हणतात ते विचारायला कुणी तिथं गेलेलं नव्हतं.

शेवटी एका कचेरीत एक बाई भेटल्या. केस पांढरे, समोर चहा निवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, इथून काही होणार नाही. तिथल्या आपल्या वकिलातीत नवऱ्याचा अर्ज जायला हवा, माझी बायको परत पाठवा म्हणून. पोस्टानं नको, कुणाच्या तरी हातानं. मग ते साहेबाला बोलावतात, पासपोर्ट मागतात. एकदोघी आल्यात अशा."

"मी करतो ना अर्ज! भाऊ आहे मी तिचा."

"तुम्ही चुलत. आणि सख्खे असतात तरी नाही. लग्न झालंय ना? मग नवरा."

अर्ज त्यांनीच सांगितला, मी लिहिला. असं अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही. सहीपुरती जागा मोकळी. ड्रायव्हरची रजा संपायला अजून चार दिवस होते आणि तो म्हणाला होता की काही कागद द्यायचा असेल तर मी स्वतः नेऊन देईन. म्हणजे झालंच. मी एसटीत शेजारच्याला सांगूनही टाकलं की आमच्या बायला आणायला सरकार आगबोट पाठवतंय.

भावोजी पडवीत होते. मी अर्ज पुढं केला, पेन उघडून दिलं. त्यांनी हात मागं घेतले, जसं काही मी पेटता इंगळ दिला.

"ह्ये नको, मास्तर."

"नको काय? नुसती सही करायची आहे."

"देवाला शब्द दिलाय. दुसऱ्या दारात जाणार नाय म्हणून. तुम्ही पण व्हय म्हणालात, मी ऐकला. सगळ्या गावानं ऐकला."

"अहो, ते बोलायचं असतं!"

"तुमच्या गावात असेल." भावोजी शांत होते. "कौल उजवा पडलाय. चटकन पडलाय. आता मी कागद धाडला, म्हंजे देवाला म्हटल्यासारका झाला, की बाबा, तुझा काय खरा नाय. मग त्यानं हात काढला तर? तिथं तिचं कोण हाय मास्तर? त्याच्याबिगर कोण हाय?"

लोक म्हणायचे, बायची मनीऑर्डर साहेबाच्या भावाकडून मुंबईहून येते तोवर नवऱ्याला कसली घाई. मी तसं म्हणणार नाही. मी त्या माणसाचे हात बघितलेत. मांडीखाली दाबून धरले होते. त्याला बाय हवी होती, आणि ती आणायचा जेवढा मार्ग त्याच्या हातात होता तेवढा त्यानं घट्ट धरला होता.

सही मीच ठोकावी, हा विचार माझ्या मनात आला नसता तर तो मी कसला. ड्रायव्हरला बोललो. तो म्हणाला, "नको मास्तर. तिथून तार करून नवऱ्याला विचारतात. तो नाय म्हटला, की बाईच खोटी. मग साहेब तिला काय करेल, सांगता येत नाय."

उरलं होतं माझं नेहमीचं हत्यार. मी सकाळी सकाळी सडा ओलांडून थेट गुरवाकडं गेलो. भावोजींना तिथंच बोलावलं. गुरव अंगणात चूळ भरत होता.

"गुरवकाका, रात्री सपनात देव आला," मी म्हटलं. "एसटीनं आला. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही, त्यावरून ओळखलं मी. माझ्या उशाशी बसला नि म्हणाला, मास्तर, कौल दिलाय मी, पण हल्ली कागदाबिगर माझंसुद्धा पान हलत नाही. भावोजींना सांग, सही कर. सरकारचं दार ते माझंच मागचं दार."

भावोजींचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, क्षणभर उजळला. गुरवानं तोंड पुसलं.

"कनचा देव आला म्हणता?"

"तुमचा."

"आमचा देव तुमच्या सपनात कशाला येल? तुमच्या गावात तुमचा देव नाय? आमचा देव शीव सोडून जात नाय, मास्तर. पालखी पण शिवेवरनं मागं फिरते, ठावं नाय तुम्हाला?"

मी अडकलो, पण मीही मास्तर. "बरं. शीव सोडून जात नाही ना? मग आखातात जाऊन बायला कसा सोडवणार?"

मला वाटलं, आता म्हातारा सापडला. त्यानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, वर्गात मागं बसणाऱ्या पोराकडं मी बघतो तसं.

"त्यो जात नाय. त्यो आणतो."

मी अंगणात चपला शोधायला लागलो.

पण म्हातारा दुष्ट नव्हता. भावोजींचा पडलेला चेहरा त्यालाही दिसला. म्हणाला, "एक करू. देवालाच विचारू, शब्दातून मोकळा करतोस काय म्हणून. उजवा दिला तर करा सही."

तो दिवस ड्रायव्हरचा शेवटचा. संध्याकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान. देवळात सकाळी फूल लावलं. गाऱ्हाणं झालं. 'व्हय महाराजा' झालं. आम्ही बसलो.

फूल पडेना.

दुपार झाली. कुणी हलेना, कारण वारा लागून पडलं तर तो कौल नव्हे. गुरवानं पुन्हा विनवलं. कुणीतरी म्हणालं, पाणी जास्त लावलंय. कुणी म्हणालं, मनात खोट असलेला माणूस आत बसलाय, आणि चारपाच माना माझ्याकडं वळल्या. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तरी फूल जागचं हललं नाही. एक मुंगी त्याच्यावर चढली, फिरली, उतरली.

उन्हं कलल्यावर ड्रायव्हर आला, हातात मोठी बॅग. त्याच्या घराण्याचाही त्या देवाला नारळाचा मान होता. त्यानं पायरीला हात लावला आणि माझ्याशेजारी बसला.

"झाला काय?"

"नाही."

"मास्तर, गाडीची टाईम झाली."

मी आत गेलो. अर्ज भावोजींच्या मांडीवर ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, "भावोजी, तो चाललाय." भावोजी फुलाकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला सुद्धा हात उचलत नव्हते. ओठ हलत होते, पड, पड, पड. मी पेन त्यांच्या बोटांत घातलं. ते गळून पडलं.

अर्ज घेऊन मी बाहेर आलो. आम्ही दोघं रस्त्यापर्यंत चालत गेलो. गाडी दिसू लागली तेव्हा त्यानं विचारलं, "मग तिला काय सांगू? मी गाडी धुवायला गेलो की ती खिडकीत येणार. काय सांगू?"

माझ्याजवळ राजे होते, हबशी होते, सरकारी आगबोट होती. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या माणसाला देण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला आवडेल असं आणि खरं, असं एकच होतं.

"सांग, कौल उजवा पडलाय. देवाचं दार धरलंय सगळ्यांनी, दुसऱ्या दारात जायचं नाही असा शब्द दिलाय गावानं."

"उजवा म्हंजे येणार ना?"

"हो."

तो गाडीत चढला. देवळात दिवे लागले तेव्हाही फूल तिथंच होतं. सकाळी गुरवाला ते खाली सुकलेलं सापडलं, अगदी मधोमध.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. भावोजींनी दोन्ही वर्षं भात लावलं, आणि रोज तिन्हीसांजेला देवळात दिवा लावून यायचे. मग साहेबाचा करार संपला, मुलं मोठी झाली, कुटुंब मुंबईला परतलं. तिथल्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली जागा नव्हती म्हणा, की गरज नव्हती म्हणा, त्यांनी बायला गावच्या एसटीत बसवून दिलं.

गावानं काय केलं असेल? ढोल नेले. बायला बस थांब्यावरून थेट देवळात नेलं. गुरव आणखी वाळला होता, पण गाऱ्हाणं तसंच स्वच्छ. "आणलीस महाराजा!" "व्हय महाराजा!" तिनं देवापुढं नारळ ठेवला. तिची पाठ वाकली होती. हातांची कातडी साबणानं अशी झाली होती की नारळ धरताना तिनं तो दोन्ही मनगटांवर तोलला. आवाजही बसला होता. मी तर आधी ओळखलीच नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर आम्ही पडवीत बसलो. बाय, भावोजी आणि मी. ती सावकाश बोलत होती. तिथल्या उन्हाबद्दल, मांजराबद्दल, ते शेवटी कसं तिच्याच हातनं खायला लागलं. मग म्हणाली, "एकदा कुलूप लावायचं इसरल्या."

"कोण?"

"बाईसाहेब. धाकट्याला ताप चढला, घाईत उचलून दवाखान्यात नेला. दार नुसतं लोटलेलं. मी उघडून बघितला. जिना समोर. खाली तो ड्रायव्हर उभा. मला बघून वर ओरडला, उतर गो बाय, बस गाडीत, वकिलातीत सोडतो, तू सोताहून आलीस तर तुला ठेवून घेतात, नवऱ्याची सही पण लागत नाय!"

भावोजी ताठ बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग एक पाय टाकला मी भायेर." तिनं पाय पुढं करून दाखवला. "नि आठवला. तूच सांगून धाडलास ना, कौल उजवा हाय, दुसऱ्या दारात जायचं नाय असा शब्द दिलाय गावानं. म्हटला, मी आता उतरले, तर तिकडं सगळ्यांचा शब्द मोडेल, नि देव हात काढील. पाय मागं घेतला. दार आतनं लोटून घेतला. तांदूळ निवडायचे पडले होते."

भावोजींनी कंदिलाची वात खाली केली.

"त्याच्यानंतर पण वरीस काढला की तिथं," बाय म्हणाली. "बरोबर केला ना रे मी?"

भावोजी माझ्याकडं बघत होते. बाय पण बघत होती.

मी हो म्हटलं.